हुआन रोमान रिकेल्मे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठांमध्ये अर्जेंटिनाचे निळे-पांढरे झेंडे लागतात. त्यांवर चेहरा असतो मेस्सीचा, नाहीतर मॅराडोनाचा. या दोघांच्या मधल्या काळात अर्जेंटिनाचा खेळ कोणाच्या पायातून फिरायचा, असं विचारलं की तरुण मंडळी अडखळतात. ज्यांनी तो काळ पाहिलाय ते मात्र लगेच एक नाव घेतात आणि मग बोलायचे थांबत नाहीत. मी त्यांतलाच. नव्याने फुटबॉल पाहू लागलेल्या मित्रांनी मला वेळोवेळी जे विचारलं, त्याची उत्तरं इथे एकत्र लिहितोय.

रिकेल्मे कोण, थोडक्यात सांगाल?

अर्जेंटिनाचा मिडफिल्डर. जन्म २४ जून १९७८, ब्वेनोस आयरेस प्रांतातल्या सान फर्नांदोचा. तो जन्मला त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्जेंटिनाने आपला पहिला विश्वचषक जिंकला. १९९६ ते २०१५ अशी अठरा वर्षं तो खेळला. बोका ज्युनियर्स, बार्सिलोना, व्हिलारियल, पुन्हा बोका आणि अखेरीस अर्जेंटिनोस ज्युनियर्स. देशाकडून ५१ सामने आणि १७ गोल. बोकाकडून ३८८ सामने, ९२ गोल आणि ११ करंडक, त्यांत कोपा लिबेर्तादोरेस तीनदा. ही स्पर्धा म्हणजे दक्षिण अमेरिकेची चॅम्पियन्स लीग.

नावाचा उच्चार नक्की कसा?

हुआन रोमान रिकेल्मे. स्पॅनिशमध्ये 'क्यू' नंतरचा 'यू' मुका असतो, म्हणून 'रिक्वेल्मे' म्हणू नये. अर्जेंटिनात त्याला नुसतं 'रोमान' म्हणतात आणि कुठला रोमान हे कुणी विचारत नाही.

तो मैदानात नक्की कुठे खेळायचा? 'एन्गांचे' हा शब्द त्याच्याबद्दल सारखा येतो, त्याचा अर्थ काय?

एन्गांचे म्हणजे अडकवणारा, जोडणारा. रेल्वेच्या दोन डब्यांना जोडणारी कडी डोळ्यांसमोर आणा. मागची मधली फळी हा एक डबा, पुढचे दोन स्ट्रायकर हा दुसरा. मधली कडी म्हणजे एन्गांचे. अर्जेंटिनात पूर्वी संघाची आखणीच तशी होत असे: चार बचावपटू, त्यांच्यापुढे चेंडू हिसकावणारे तीन मिडफिल्डर, पुढे हा एकटा आणि त्याच्यापुढे दोन आघाडीवीर. चेंडू मिळाला की आधी त्याच्याकडे द्यायचा, तो ठरवेल पुढे काय ते. पाठीवर अर्थातच १०.

रिकेल्मे या जागेवरचा शेवटचा मोठा खेळाडू, असं मी मानतो. त्याच्याकडे वेग नव्हता. तो धावत सुटलाय आणि बचावपटू मागे पडलेत, असं दृश्य शोधून सापडणार नाही. तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करून उभा राहायचा, चेंडू आणि समोरच्याच्या मध्ये स्वतःचं अंग घालायचा, बुटाच्या तळव्याने चेंडू थोडा इकडे ओढायचा, थोडा तिकडे. दोघे-तिघे अंगावर आले तरी चेंडू निघायचा नाही. बघणाऱ्याला वाटायचं, अरे दे की आता! पण तो थांबायचा. ते दोघे-तिघे त्याच्याभोवती गोळा झाले म्हणजे मैदानात दुसरीकडे कुठेतरी जागा मोकळी झाली, आणि आपला एखादा साथीदार तिथे पोहोचायला अजून एक क्षण लागणार आहे, हा हिशोब त्याच्या डोक्यात पक्का असे. तो क्षण भरला की पास सुटायचा. या थांबण्याला स्पॅनिशमध्ये 'पाउसा' म्हणतात.

आपल्याकडे विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. गवई निवांत वाटतो, पण सम कुठे आहे हे त्याला प्रत्येक क्षणी ठाऊक असतं.

लहानपण कसं गेलं?

डॉन तोर्क्वातो नावाच्या उपनगरातल्या गरीब वस्तीत. अकरा भावंडांत हा थोरला. अर्जेंटिनात मातीच्या मोकळ्या मैदानाला 'पोत्रेरो' म्हणतात, खेळ तिथेच शिकला. उंचसखल जमिनीवर चेंडू कुठेही उसळतो आणि मोठी पोरं बिनधास्त लाथा मारतात. अंगाची ढाल करून चेंडू राखण्याची त्याची सवय मला तिथलीच वाटते.

मग अर्जेंटिनोस ज्युनियर्सच्या कुमार संघात आला. हा क्लब लहान, पण खेळाडू घडवण्यात त्याचा हात धरणारं कुणी नाही. मॅराडोना तिथला, रेदोन्दो तिथला, काम्बियासोही तिथलाच. १९९६ मध्ये बोकाने इतर काही तरुण खेळाडूंसोबत रिकेल्मेला विकत घेतलं आणि त्याच वर्षी १० नोव्हेंबरला, ला बोम्बोनेरा या बोकाच्या मैदानावर उनियोन दे सांता फे संघाविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला. वय १८. प्रशिक्षक होते कार्लोस बिलार्दो, १९८६ चा विश्वचषक जिंकून देणारे.

मॅराडोनाच्या शेवटच्या सामन्यात त्याच्या जागी रिकेल्मेच उतरला होता, हे खरं का?

हो. २५ ऑक्टोबर १९९७. बोकाचा कट्टर प्रतिस्पर्धी रिव्हर प्लेट, त्यांच्या मैदानावर बोका विरुद्ध रिव्हर. मध्यंतरानंतर मॅराडोना परत आला नाही, त्याच्या जागी रिकेल्मे आला. बोकाने सामना २-१ असा जिंकला आणि मॅराडोना त्यानंतर कधीच अधिकृत सामना खेळला नाही. त्या दिवशी हा बदल इतका मोठा आहे हे कुणाला माहीत असणार?

त्याच वर्षी तो युवा विश्वविजेताही झाला ना?

झाला. १९९७, मलेशिया. होसे पेकरमान यांच्या हाताखाली अर्जेंटिनाने अंतिम सामन्यात उरुग्वेला २-१ हरवलं. त्या संघात आयमार, काम्बियासो, साम्युएल असे सगळे एकत्र होते. पेकरमान हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

बोकाच्या सुवर्णकाळाबद्दल सांगा. टोकियोच्या सामन्याचं एवढं काय?

१९९८ मध्ये कार्लोस बियांची बोकाचे प्रशिक्षक झाले. त्यांनी काय केलं? संघ रिकेल्मेभोवती बांधला. मागे बेर्मुदेस आणि साम्युएलसारखे खमके बचावपटू, मध्ये चेंडू हिसकावणारे कामसू गडी, पुढे उंच, धिप्पाड मार्तिन पालेर्मो. त्या वर्षीचं लीगचं विजेतेपद बोकाने एकही सामना न हरता मिळवलं, पुढचंही घेतलं, आणि या दरम्यान सलग ४० लीग सामने हा संघ हरला नाही. २००० मध्ये पाल्मेरासला पेनल्टींवर हरवून लिबेर्तादोरेस जिंकली. बोकाला ती बावीस वर्षांनी मिळत होती.

मग २८ नोव्हेंबर २०००, टोकियो. इंटरकॉन्टिनेंटल कप. समोर युरोपविजेता रेआल माद्रिद: कासियास, रोबेर्तो कार्लोस, येरो, माकेलेले, फिगो, राऊल. पहिल्या सहा मिनिटांत पालेर्मोने दोन गोल केले. दुसऱ्या गोलाचा पास रिकेल्मेचा. आपल्याच अर्ध्यातून त्याने मान वर करून लांबवर असा चेंडू टाकला की धावत्या पालेर्मोला पावलं बदलावी लागली नाहीत. रोबेर्तो कार्लोसने एक गोल फेडला, पण अजून ऐंशी मिनिटं बाकी होती, आणि माझ्या मते रिकेल्मेचा खरा सामना तिथून सुरू झाला.

आघाडी टिकवायची असेल तर बहुतेक संघ मागे सरकतात, चेंडू दूर भिरकावतात. बोकाने चेंडू रिकेल्मेला दिला. २२ वर्षांचा हा पोरगा माकेलेलेला आणि त्याच्या मदतीला येणाऱ्या प्रत्येकाला पाठीवर घेऊन उभा राहिला. फाउल मिळव, साइडलाइनजवळ चेंडू दाबून धर, पुन्हा मागे दे, पुन्हा माग. घड्याळ पुढे सरकत राहिलं. सामनावीर पालेर्मो ठरला, आणि दोन गोल करणाऱ्याला तो मान मिळणं योग्यच. पण हा सामना पूर्ण बघा. चेंडू नुसता जवळ ठेवणं हाही बचाव असतो, हे मला या सामन्याने शिकवलं.

२००१ मध्ये लिबेर्तादोरेस पुन्हा बोकाकडे आली आणि रिकेल्मे दक्षिण अमेरिकेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला.

येपेसच्या पायांमधून काढलेला तो चेंडू?

२४ मे २०००, लिबेर्तादोरेसची उपांत्यपूर्व फेरी, बोम्बोनेरा, समोर रिव्हर. रिकेल्मे उजव्या साइडलाइनजवळ, रिव्हरच्या गोलकडे पाठ करून उभा. मागून कोलंबियाचा बचावपटू मारियो येपेस चिकटलेला. रिकेल्मेने बुटाच्या तळव्याने चेंडू मागे ओढला, थेट येपेसच्या दोन पायांच्या मधून, आणि स्वतः दुसऱ्या बाजूने वळून तो पुन्हा घेतला. अशा युक्तीला अर्जेंटिनात 'कान्यो' म्हणतात. तिने गोल झाला नाही, काहीच झालं नाही. बोकाने सामना ३-० असा जिंकला, गुडघ्याच्या मोठ्या दुखापतीनंतर परतलेल्या पालेर्मोने शेवटी गोल केला, तरी त्या रात्रीची आठवण म्हणून लोक हे दोन सेकंदच सांगतात.

कानांमागे हात लावून उभा असलेला त्याचा फोटो कशाचा आहे?

८ एप्रिल २००१, पुन्हा रिव्हरविरुद्ध. त्याची पेनल्टी गोलरक्षकाने अडवली, परत आलेला चेंडू त्याने हेडरने जाळ्यात घातला. मग तो धावत मैदानाच्या मध्यावर गेला, क्लबच्या पदाधिकाऱ्यांच्या कक्षाकडे तोंड केलं आणि दोन्ही कानांमागे तळवे धरून शांतपणे उभा राहिला. त्या काळात मानधनावरून त्याचा क्लबशी वाद चालला होता, आणि क्लबचे अध्यक्ष होते माउरिसिओ माक्री, जे पुढे २०१५ मध्ये देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. नंतर रिकेल्मेने सांगितलं की मुलीला तोपो जिजो आवडतो, म्हणून तसं केलं. तोपो जिजो म्हणजे इटलीच्या दूरदर्शनवरचा मोठ्या कानांचा उंदीर. अर्जेंटिनात कुणाचाही त्यावर विश्वास बसला नाही.

या हावभावाला पुढे आणखी एक प्रकरण जोडलं गेलं. ९ डिसेंबर २०२२, कतारचा विश्वचषक, उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सविरुद्ध गोल केल्यावर मेस्सी डच संघाच्या बाकासमोर गेला आणि त्याने नेमके तसेच कानांमागे हात धरले. बाकावर प्रशिक्षक होते लुई व्हान खाल. ते का, हे पुढच्या उत्तरात.

बार्सिलोनात त्याचं का जमलं नाही?

२००२ मध्ये तो बार्सिलोनाला गेला. जाण्याआधीचे महिने वाईट होते. एप्रिलमध्ये त्याच्या धाकट्या भावाचं अपहरण झालं होतं, खंडणी दिल्यावर तो सुटला. अर्जेंटिनाची अर्थव्यवस्था कोसळली होती. अशा मनःस्थितीत तो स्पेनला पोहोचला आणि तिथे त्याची वाट कुणी पाहत नव्हतं. त्याला विकत घेतलं होतं क्लबच्या अध्यक्षांनी. प्रशिक्षक व्हान खाल यांना तो नको होता.

व्हान खाल यांच्या पद्धतीत प्रत्येकाने आपापली जागा धरायची, चेंडू गेला की सगळ्यांनी मिळून तो परत मिळवायचा. एन्गांचेला त्यात खुर्चीच नव्हती. रिकेल्मेला बाजूला, जवळजवळ विंगवर ठेवलं. तिथे साइडलाइन हाच एक बचावपटू होतो, फिरायला अर्धच वर्तुळ उरतं. रिकेल्मेने पुढे मुलाखतींत सांगितलं की चेंडू पायात असताना तू सर्वोत्तम, पण नसताना आम्ही दहाजणच खेळतो, अशा अर्थाचं व्हान खाल त्याला म्हणाले होते.

आता मी त्याचा चाहता असलो तरी हे कबूल करायला हवं: प्रशिक्षकाचं म्हणणं खोटं नव्हतं. रिकेल्मे चेंडूमागे धावत नसे. त्याच्यासाठी दुसऱ्या दोघांना धावावं लागे. ज्या संघाला हा सौदा मान्य होता तिथे तो राजा होता, आणि ज्याला मान्य नव्हता तिथे ओझं. बार्सिलोनाने त्याला घेताना हा विचार आधी करायला हवा होता. व्हान खाल यांना जानेवारी २००३ मध्ये हटवलं, पण तोवर हंगाम वाया गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात रोनाल्डिन्यो आला, १० नंबर त्याला मिळाला आणि रिकेल्मे व्हिलारियलकडे उसनवारीवर गेला.

व्हिलारियलमध्ये असं काय घडलं की लोक अजून बोलतात?

व्हिलारियल हे स्पेनच्या पूर्व किनाऱ्याजवळचं पन्नास हजार वस्तीचं गाव. फरशा आणि टाइल्सचा धंदा मोठा, इतका की क्लबच्या मैदानाचं नावच आता 'सेरामिका' आहे. तेव्हा त्याला एल माद्रिगाल म्हणत. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढं ते.

२००४ मध्ये चिलीचे मान्वेल पेलेग्रिनी प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी बियांचींसारखंच केलं, संघाच्या किल्ल्या रिकेल्मेच्या हाती दिल्या. शेजारी मार्कोस सेना, मागून धावत येणारा सोरिन, पुढे दिएगो फोर्लान. २००४-०५ मध्ये व्हिलारियल स्पॅनिश लीगमध्ये तिसरा आला. फोर्लान २५ गोलांसह लीगमध्ये पहिला, रिकेल्मेचे स्वतःचे १५.

पुढच्या वर्षी हा संघ चॅम्पियन्स लीगमध्ये पहिल्यांदाच उतरला. पात्रता सामन्यात एव्हर्टनला हरवलं. गटात मँचेस्टर युनायटेड, बेन्फिका आणि लिल. व्हिलारियल गटात पहिला, युनायटेड शेवटचा! मग रेंजर्स. मग उपांत्यपूर्व फेरीत इंटर मिलान. मिलानमध्ये २-१ ने हरले होते. घरी रिकेल्मेच्या फ्री किकवर आरुआबारेनाने हेडरने गोल केला, १-०, दोन सामन्यांची बेरीज २-२, आणि परक्या मैदानावरचा गोल वरचढ मानण्याच्या तेव्हाच्या नियमाने गाव उपांत्य फेरीत.

आणि ती पेनल्टी?

यावर लिहायला मला अजूनही जड जातं. उपांत्य फेरी, समोर आर्सेनल. लंडनमध्ये ०-१ हार. परतीचा सामना २५ एप्रिल २००६, आपल्याकडे मध्यरात्र उलटून सव्वाबाराला सुरू झालेला. व्हिलारियलने सगळा सामना आर्सेनलच्या अर्ध्यात खेळला, पण गोल होईना. शेवटच्या मिनिटांत पेनल्टी मिळाली. गोल झाला असता तर जादा वेळ. चेंडू रिकेल्मेने हातात घेतला, दुसरं कोण घेणार? आर्सेनलचा जर्मन गोलरक्षक येन्स लेहमान आपल्या डावीकडे झेपावला आणि त्याने चेंडू अडवला. ०-० वर सामना संपला. आर्सेनल पॅरिसच्या अंतिम सामन्याला गेलं.

त्या एका पेनल्टीवरून 'मोठ्या क्षणी कच खाणारा' असा शिक्का काहींनी त्याच्यावर मारला. मला तो अन्याय वाटतो. त्या क्षणापर्यंत त्या गावाला आणलं कोणी, हे पाहायला नको? आणि एक वर्षानंतर त्याने काय केलं तेही पुढे वाचा.

२००६ च्या विश्वचषकात त्याला बाहेर का काढलं?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त वेळा विचारला जातो.

प्रशिक्षक पेकरमान, म्हणजे मलेशियातले तेच. संघ रिकेल्मेभोवती. गेल्सेनकिर्खेनमध्ये सर्बिया-माँटेनेग्रोला ६-० हरवलं. त्यातला काम्बियासोचा गोल सुमारे पंचवीस पासांनंतर आला आणि त्या साखळीत चेंडू पुन्हा पुन्हा रिकेल्मेकडे येऊन जातो. अर्जेंटिनाचा इतका देखणा संघ त्यानंतर बरीच वर्षं दिसला नाही.

३० जून, बर्लिन, उपांत्यपूर्व फेरी, यजमान जर्मनी. ४९ व्या मिनिटाला रिकेल्मेच्या कॉर्नरवर आयालाने हेडर मारला, १-०. मग ७१ व्या मिनिटाला अर्जेंटिनाचा गोलरक्षक आबोन्दान्सिएरी दुखापतीने बाहेर गेला, एक बदल तिथे खर्ची पडला. लगेच पेकरमाननी रिकेल्मेला काढून काम्बियासोला आणलं. थोड्या वेळाने क्रेस्पोच्या जागी क्रूस आला. तीन बदल संपले आणि १९ वर्षांचा मेस्सी बाकावरच राहिला. ८० व्या मिनिटाला क्लोजने बरोबरी केली. पेनल्टींवर जर्मनी ४-२ ने जिंकला. गोलरक्षक पुन्हा लेहमान. एल माद्रिगालच्या त्या रात्रीनंतर फक्त ६६ दिवसांनी.

पेकरमानचा हेतू समजतो. रिकेल्मे दमला होता, जर्मन मुसंडी मारत होते, ताज्या पायांचा बचाव करणारा मिडफिल्डर हवा होता. पण टोकियोत बियांचींनी नेमकं उलट केलं होतं. आघाडी राखायला त्यांनी चेंडू रिकेल्मेकडे ठेवला. बर्लिनमध्ये तो बाहेर गेल्यावर अर्जेंटिनाकडे चेंडू टिकेचना. पेकरमाननी त्याला नऊ वर्षं ओळखलं होतं आणि शेवटच्या अठरा मिनिटांत त्याच्यावरचा विश्वास सोडला, असं मला वाटत आलंय.

२००२ च्या विश्वचषकात तो नव्हता का?

नव्हता. तेव्हाचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांच्या वेगवान पद्धतीत तो बसत नव्हता, म्हणून निवडला नाही. तो संघ गटातच बाद झाला. म्हणजे विश्वचषक त्याच्या वाट्याला एकच आला.

त्याने राष्ट्रीय संघ दोनदा सोडला, हे कसं?

पहिल्यांदा २००६ मध्ये, विश्वचषकानंतर. पराभवाचं खापर त्याच्यावर फुटलं, त्याचा त्रास आईला झाला, तिची तब्येत बिघडली. आईसाठी थांबतो, असं त्याने सांगितलं. २००७ च्या कोपा अमेरिकासाठी परत आला, पाच गोल केले. अंतिम सामन्यात ब्राझीलकडून ०-३ हार.

दुसऱ्यांदा मार्च २००९. प्रशिक्षक मॅराडोना होता. त्याने टीव्हीवर रिकेल्मेच्या खेळाबद्दल जाहीर नापसंती दाखवली. रिकेल्मेने उत्तर दिलं की आमची तत्त्वं जुळत नाहीत, आणि विषय संपवला. ज्याच्या जागी तो एकेकाळी उतरला होता, त्याच्यामुळेच निळा-पांढरा शर्ट कायमचा उतरला.

मधल्या काळात बीजिंग ऑलिंपिक झालं, २००८ चं. २३ वर्षांवरच्या मोजक्या खेळाडूंपैकी एक म्हणून तो गेला आणि कर्णधार होता. मेस्सी, आग्वेरो, दी मारिया सगळे त्याच्या हाताखाली. उपांत्य सामन्यात ब्राझीलला ३-०, अंतिम सामन्यात नायजेरियाला १-०. सुवर्णपदक.

त्याची सर्वोत्तम कामगिरी कोणती?

माझं उत्तर ठरलेलं आहे: लिबेर्तादोरेस २००७. पेलेग्रिनींशी बिनसल्यावर व्हिलारियलने त्याला संघाबाहेर ठेवलं होतं. (न्यायाने हेही सांगायला हवं की पुढच्या हंगामात त्याच्याशिवाय व्हिलारियल लीगमध्ये दुसरा आला.) फेब्रुवारी २००७ मध्ये तो काही महिन्यांसाठी उसनवारीवर बोकाकडे परतला. प्रशिक्षक मिगेल आंखेल रुसो.

उपांत्य फेरीत कोलंबियाच्या कुकुता संघाकडून बोका १-३ हरलं. परतीच्या सामन्याला बोम्बोनेरावर एवढं धुकं होतं की समोरचा गोल नीट दिसेना. त्या धुक्यातून रिकेल्मेची फ्री किक जाळ्यात गेली आणि बोकाने ३-० केलं. अंतिम फेरीत ब्राझीलचा ग्रेमियो. घरी ३-०, त्यात एक त्याचा. पोर्तो अलेग्रेमध्ये २-०, दोन्ही त्याचे. स्पर्धेत आठ गोल आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान. 'मोठ्या क्षणी कच खाणारा' म्हणणाऱ्यांना मी हे दोन सामने दाखवतो.

पालेर्मोशी त्याचं वैर होतं?

मैत्री नव्हती एवढं नक्की. १२ एप्रिल २०१० रोजी पालेर्मोने बोकासाठी गोल करण्याचा जुना विक्रम मोडला. त्या गोलाच्या वेळी रिकेल्मे गोलरक्षकासमोर पोहोचला होता, स्वतः मारू शकत होता. त्याने चेंडू पालेर्मोला दिला. गोल झाल्यावर पालेर्मो एका दिशेला धावला, रिकेल्मे दुसऱ्या दिशेला प्रेक्षकांकडे. मिठी नाही. मला त्यात कडवटपणापेक्षा सचोटी दिसते. माणूस आवडत नसला तरी पास त्यालाच द्यायचा, कारण खेळात ते बरोबर होतं.

कारकीर्दीचा शेवट कसा झाला?

हळूहळू, त्याच्या खेळासारखाच. २०११ मध्ये बोकाने एकही सामना न हरता लीग जिंकली. ४ जुलै २०१२ रोजी साओ पाउलोत कोरिंथियन्सकडून लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना हरल्यावर तो म्हणाला की मी रिकामा झालोय, देण्यासारखं उरलेलं नाही. काही महिने खेळलाच नाही. २०१३ मध्ये बियांची परत आले तेव्हा तोही आला. त्याच वर्षी मे महिन्यात, त्याच मैदानावर, त्याच कोरिंथियन्सविरुद्ध उजव्या बाजूने, खूप लांबून गोलरक्षकाच्या डोक्यावरून त्याने चेंडू अलगद जाळ्यात सोडला आणि त्यांना बाहेर काढलं.

२०१४ मध्ये बोकाशी करार वाढला नाही. तो अर्जेंटिनोस ज्युनियर्समध्ये गेला, जिथे लहानपणी शिकला तिथे. क्लब तेव्हा दुसऱ्या श्रेणीत घसरला होता. छत्तीसाव्या वर्षी लहान मैदानांवर खेळून त्याने त्यांना डिसेंबरमध्ये पहिल्या श्रेणीत परत आणलं आणि जानेवारी २०१५ मध्ये निवृत्ती जाहीर केली.

त्याच्यासारखे खेळाडू आता का दिसत नाहीत?

बचाव आता पुढूनच सुरू होतो. समोरच्या गोलरक्षकाकडे चेंडू असतानाच स्ट्रायकर त्याच्यावर धावून जातात, आणि अकरापैकी एकाने जरी ते काम टाळलं तरी साखळी तुटते. शिवाय जिथे एन्गांचे उभा राहायचा, म्हणजे मधली फळी आणि बचावफळी यांच्या मधली मोकळी पट्टी, ती आता दोन-दोन बचावात्मक मिडफिल्डर ठेवून बुजवलेली असते. ज्यांच्याकडे ती दृष्टी आहे त्यांना प्रशिक्षक विंगवर नेतात किंवा खाली खेचून बचावासमोर बसवतात.

हल्ली तो काय करतो?

बोका ज्युनियर्सचा अध्यक्ष आहे. २०१९ मध्ये उपाध्यक्ष म्हणून निवडून आला. १७ डिसेंबर २०२३ च्या निवडणुकीत अध्यक्षपदासाठी उभा राहिला. समोरच्या पॅनेलमध्ये उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते तेच माक्री, ज्यांच्याकडे बघून त्याने बावीस वर्षांपूर्वी कानांमागे हात धरले होते. क्लबच्या ४३ हजारांहून अधिक सभासदांनी मतदान केलं आणि रिकेल्मे मोठ्या फरकाने जिंकला.

अध्यक्ष म्हणून त्याच्यावर टीका होते, आणि बरीचशी रास्त आहे. २०२३ ची लिबेर्तादोरेस अंतिम सामन्यात फ्लुमिनेन्सेकडून गेली, तेव्हा तो उपाध्यक्ष होता. २०२५ मध्ये तर पेरूच्या आलियान्सा लिमाने बोकाला मुख्य स्पर्धेत पोहोचूच दिलं नाही. त्या वर्षीच्या क्लब विश्वचषकातही बोकाला गटातून पुढे जाता आलं नाही. त्याच वर्षी त्याने पुन्हा बोलावलेल्या रुसो यांचं ऑक्टोबरमध्ये पदावर असतानाच निधन झालं. खेळताना जो माणूस कधी घाई करत नसे, त्याने प्रशिक्षक मात्र भराभर बदलले, याचं मला वाईट वाटतं.

मेस्सीचं आणि त्याचं नातं कसं आहे?

दोघांचा वाढदिवस एकच, २४ जून, नऊ वर्षांच्या अंतराने. २००६ मध्ये नवखा मेस्सी त्याच्या संघात होता आणि बीजिंगमध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली पदक जिंकला. २५ जून २०२३ रोजी बोम्बोनेरावर रिकेल्मेचा निरोपाचा सामना झाला, तेव्हा मेस्सी विश्वविजेता होऊन सहा महिने झाले होते, आणि तो खेळायला आला.

त्याला कधीच पाहिलं नाही. सुरुवात कुठून करू?

गोलांच्या छोट्या व्हिडिओंपासून नको. त्यात त्याचं थांबणं कापून टाकलेलं असतं. टोकियोचा रेआल माद्रिदविरुद्धचा सामना पूर्ण बघा, सातव्या मिनिटापासून लक्ष देऊन. मग ग्रेमियोविरुद्धचा परतीचा सामना. व्हिलारियलचा बघायचा असेल तर इंटरविरुद्धचा, घरच्या मैदानावरचा. चेंडू त्याच्याकडे आला की त्याच्या पायांवरची नजर काढा आणि दूरच्या बाजूच्या साथीदाराकडे लावा, तो धावायला लागलाय का ते बघा. मग पास कधी सुटणार हे तुम्हाला आधी कळायला लागेल.